वेलाच्या बुडाशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण. अनेकींनी मागणी केल्यावरून येथे लिहून दिले आहे.)



वर्धापनदिनाला सभासदांपैकी एकीने काही सांगावे, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. आजवर या जागी उभे राहून कोणी बालसंगोपनावर बोलल्या, कोणी मधुमेहावर, कोणी मृत्युपत्रावर. मला विचारणा झाली तेव्हा मी चिटणीसबाईंना म्हटले, "मला काय येते? मला येतो तो परसातल्या चार हात जमिनीचा कारभार." त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा. कोहळ्याचे सांगा." कोहळ्याचे नाव निघताच मी गप्प झाले. कारण कोहळ्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ती या सभागृहातील निदान दहाजणींना ठाऊक आहे. ती वगळून कोहळ्यावर बोलणे मला जमणार नाही. तेव्हा आज ती चूकच सविस्तर सांगते. त्यातून एखादीचा वेल वाचला तरी पुष्कळ झाले.

आधी नावाचा घोळ मिटवू. पुण्या-मुंबईकडच्या सुना आपल्याकडे नव्याने येतात, तेव्हा 'कोहळे' म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे पेठ्याचा पांढरा कोहळा येतो. आपण वऱ्हाडात ज्याला कोहळे म्हणतो, तो त्यांचा लाल भोपळा. याचीच बाकरभाजी लग्नाच्या पंगतीत हवी, याचेच बोंडे हवेत, आणि पितृपक्षात पानावर याची फोड पडली नाही तर वाढणाऱ्या बाईला चुकल्याचुकल्यासारखे होते. गंमत अशी, की हे फळ मूळचे आपल्या देशाचे नव्हेच. ते अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आले. पण आले ते असे रुळले, की लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीलासुद्धा आपण त्यातच बसविले!

माझ्या सासूबाईंनी आपल्या माहेराहून, दर्यापूरकडून, एका कोहळ्याचे बी आणले होते. फळ चपटे, ठसठशीत पाकळ्या पडलेले, वरून मातकट आणि आतून गर्द केशरी. बी राखेत घोळवून, चिंधीत बांधून त्या डब्यात ठेवीत, आणि मृग लागला की दोन दोन बिया टोचीत. त्या गेल्यावर ते काम मजकडे आले. शिकविले कोणी नव्हते. पाहून पाहून आले होते. पाहून आलेल्या कामात हात चालतो, पण 'का' ते कळत नाही. माझे तसेच झाले.

२०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. न्हाणीच्या मागच्या कोपऱ्यात मी वेल लावला होता. तो कोपरा मुद्दाम निवडलेला. सांडपाणी आपोआप मिळते, वेगळे पाणी घालावे लागत नाही. सासूबाईही तेथेच लावीत, पण त्या काळी न्हाणीत दोन बादल्यांत सगळ्यांची आंघोळ उरकत असे. आता नळ आहे, धुण्याचे यंत्र आहे. पाणी दिवसभर वाहते. ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातच आली नाही. वेल मात्र छान वाढला. श्रावणात तो कुंपणाच्या भिंतीवर चढला आणि तीन फळे धरली.

मग एके दिवशी दुपारी पाहते तो पाने माना टाकून बसलेली. मला वाटले, तहान लागली. मी बादलीभर पाणी ओतले. संध्याकाळी पाने पुन्हा ताठ झाली. मला वाटले, माझ्या पाण्याने झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे आठ दिवस चालले. नवव्या दिवशी संध्याकाळ झाली तरी पाने उठली नाहीत.

आमच्या आळीत भाजी घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. स्वतःची दीड एकर वाडी आहे त्यांची. त्यांना मी वेल दाखविला. पानांच्या कडा कशा तपकिरी झाल्या, कोणते पान आधी वाळले, असे मी एकेक पान उचलून दाखवीत होते. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पानं काय पाह्यता बाई, बूड पाहा!" त्यांनी वाकून बुडाजवळची पाने बाजूला केली. वेल जमिनीतून निघतो तेथून वीतभर उंचीपर्यंत तेलकट, तपकिरी पट्टे पडले होते, आणि त्या पट्ट्यांतून बाभळीला सुटतो तसा लालसर डिंक पाझरत होता. बोट लावले तर साल मऊ लागली. त्यांनी एवढेच म्हटले, "डिंक्या आहे. पाण्यात उभा ठेवला तुम्ही याले."

भगिनींनो, माझ्या सबंध भाषणाचे सार त्या मावशींच्या चार शब्दांत आहे. वेल आजारी पडला की आपण पानाकडे पाहतो, कारण पान डोळ्यांपुढे असते. दुखणे मात्र बहुधा बुडाशी असते.

आता थोडे शास्त्राचे सांगते. कंटाळा करू नका, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

वेल कुजला की आपण सरसकट 'वेल कुजला' म्हणून मोकळ्या होतो. पण कुजण्याचे निरनिराळे प्रकार आहेत आणि ते ओळखता येतात. पहिला हा डिंक्या. ही एक बुरशी आहे. जुन्या पुस्तकांत तिला डिडिमेला म्हणत, नव्या पुस्तकांत स्टॅगोनोस्पोरोप्सिस म्हणतात. आपल्याला नाव पाठ करण्याची गरज नाही. खूण पाठ करावी: बुडाशी किंवा पेऱ्यांवर तेलकट डाग, त्यातून डिंक, आणि डाग वाळला की त्यावर तिखाच्या पुडीतल्या कणांएवढे काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे बुरशीची कोठारे. पाऊस त्यांवर पडला, की थेंबांबरोबर बीजकण उडतात आणि शेजारच्या पानावर, शेजारच्या वेलावर बसतात. दमट हवा आणि फारसे कडक नसलेले ऊन तिला मानवते. म्हणजे आपला श्रावण-भाद्रपद तिच्यासाठी माहेरच!

दुसरा प्रकार पांढऱ्या कुजीचा. यात डिंक नसतो. मातीला लागून असलेल्या भागावर कापसासारखे पांढरे तंतू दिसतात, आणि त्यांत मोहरीसारखे गोल तपकिरी दाणे असतात. अर्धवट कुजलेले शेण आणि पालापाचोळा बुडाशी दाटून ठेवला, की ही हटकून येते. ते दाणे मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात, म्हणून तो वेल भोवतालच्या मातीसकट उचलावा आणि ती जागा खोल खणून वरची माती खाली घालावी.

तिसरी मर. बाहेरून खोड चांगले दिसते, पण वेल पिवळा पडून सुकतो. बुडाशी खोड उभे चिरले तर आत तपकिरी रेघा दिसतात. या रोगावर एकदा लागल्यानंतर औषध नाही. वेल उपटावा हे बरे.

चौथा प्रकार रोगाचा नव्हे, किडीचा. तांबडे भुंगेरे तुम्ही पाहिलेच असतील. रोप दोन पानांचे असते तेव्हा ते पानांची चाळणी करतात. तेवढेच नव्हे, त्यांच्या अळ्या मातीत राहून मुळे आणि बूड पोखरतात, आणि त्या जखमेतून मग कूज शिरते. सकाळी गारव्यात भुंगेरे सुस्त असतात, तेव्हा ते हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत.

आणि पाचवा प्रकार म्हणजे काहीच नसण्याचा! कोहळ्याचे पान हाताच्या पंज्यापेक्षा मोठे. भर उन्हात त्यातून जेवढे पाणी उडून जाते, तेवढे मुळे तेवढ्या वेळात पुरवू शकत नाहीत. म्हणून निरोगी वेलसुद्धा दुपारी माना टाकतो आणि उन्हे कलली की उठतो. ही तहान नव्हे. दुपारी पाहून पाणी घालू नये. सकाळी जाऊन मातीत बोट दोन पेरे खुपसावे. आत ओल लागली तर पाणी नको. मी आठ दिवस जे ओतले ते पाणी नव्हते, दुखण्याला खतपाणी होते.

आता माझ्या वेलाचे काय झाले ते ऐका. मावशींनीच तोड सांगितली. कोहळ्याच्या वेलाला प्रत्येक पेऱ्याशी मूळ फोडण्याची ताकद असते. बूड गेले तरी पुढचा वेल आपल्या नव्या मुळांवर जगू शकतो, मात्र वेळेवर केले पाहिजे. डाग नसलेल्या भागातले तीन पेरे मी जमिनीला टेकविले, त्यांवर माती आणि चांगले कुजलेले शेणखत ओंजळ ओंजळ घातले, वर छोटा दगड ठेवला, आणि ते ओलसर राखले. पंधराएक दिवसांनी माती उकरून पाहिली तो पांढरी मुळे! मग स्पिरिटाने पुसलेल्या चाकूने बुडाकडचा कुजलेला भाग कापून काढला. एक फळ गळले, पण दोन पिकली. पितृपक्षाला घरचे कोहळे पानावर आले. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

त्या अभिमानातच माझी चूक झाली.

त्या दोन फळांचे बी मी धुऊन, सावलीत वाळवून ठेवले. जानेवारी २०२२ ची संक्रांत आली. दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे आणि चमचे लुटण्यापेक्षा यंदा बी लुटावे, असे माझ्या मनाने घेतले. पाच पाच बियांच्या पंचवीस पुड्या बांधल्या. प्रत्येकीवर लिहिले, 'सासूबाईंचे कोहळे'. तुम्ही सगळ्यांनी केवढे कौतुक केले होते! आणि मीही ते पदरात घेतले. ते बी कोणत्या वेलाचे आहे हे मी सांगितले नाही. लपविले असे नव्हे, सांगावयाचे असते हेच मला माहीत नव्हते. डिंक्या बियांबरोबरही जातो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्या वर्षी जुलैत विदर्भात पावसाने झोड उठविली होती. ऑगस्टमध्ये पहिला फोन आला: "तुमच्या कोहळ्याच्या वेलाला डिंक सुटलाय हो." मी म्हटले, "पाणी जास्त झाले असेल." चार दिवसांनी दुसरीकडून तेच. आमच्या आळीत नऊ घरी ते बी लागले होते. त्यांतले सहा वेल श्रावण संपायच्या आत बसले. माझा स्वतःचाही बसला. दरम्यान मी एका ओळखीच्या कृषी पदवीधर मुलीला विचारले होते. तिने पहिलाच प्रश्न केला, "बी कोणत्या वेलाचं होतं?" तेव्हा मला उमगले. आणि उमगूनही मी पंधरा दिवस तोंडातून अक्षर काढले नाही.

त्या पंधरा दिवसांत काय झाले ते सांगते. आमच्या दोन शेजारणींची एका भिंतीवरून बोलाचाली झाली. एकीचे म्हणणे, दुसरीच्या धुण्याच्या यंत्राचे साबणाचे पाणी तिच्या वेलाला लागले. मुळात सख्य विळ्याभोपळ्याचेच. त्यात आता प्रत्यक्ष भोपळाच मध्ये आला! बोलणे बंद झाले. तिसऱ्या एका घरी वेलाला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली गेली. आणि एका भाड्याच्या घरात राहणाऱ्या आपल्या तरुण सभासद भगिनीची सात वर्षांची मुलगी, जी रोज मगभर पाणी घालून फुले मोजीत असे, ती माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, "आजी, मी रोज पाणी दिलं, तरी आमचं कोहळं का मेलं?"

त्या मुलीला मी उत्तर दिले ते खोटे दिले. म्हटले, "पाऊस फार झाला ना बाळ." अर्धे खरे होते. पण अर्धे खरे सांगून झोप लागत नाही.

पुढच्या मासिक सभेत मी उभी राहिले आणि सांगितले, की बी आजारी वेलाचे होते. सभेत कोणी काही बोलेना. मला वाटले, आता उठून जाऊ की काय. तेव्हा आपल्या वडीलधाऱ्या एका काकूंनी विचारले, "मग आता कोहळं लावायचंच नाही का?" बस्स, एवढेच. दोष नाही, समजूत नाही. सरळ पुढचा प्रश्न. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी पुढची तीन वर्षे गेली. ते उत्तर आज देते.

प्रथम हे स्पष्ट करते, की सहाही वेल केवळ बियांमुळेच गेले असे छातीठोकपणे कोणालाच सांगता येणार नाही. बी हे या रोगाचे एक दार. मागल्या वर्षीच्या वेलाचे अवशेष असलेली माती हे दुसरे दार. पावसाचे उडते थेंब हे तिसरे. आपल्याला तिन्ही दारांना कडी घालावयाची आहे.

पहिली कडी बियांची. आजारी वेलाचे फळ दिसायला कितीही देखणे असो, त्याचे बी धरू नये. ते फळ चांगले असेल तर खुशाल खावे. मात्र साठवून ठेवू नये, कारण हाच रोग फळावर काळ्या कुजीच्या रूपाने पुढे दिसू शकतो. बी धरावयाचा वेल आधीच निवडावा, त्याचे बूड शेवटपर्यंत पाहावे, आणि मगच फळ राखावे.

दुसरी कडी जागेची. त्याच कोपऱ्यात दरवर्षी कोहळे नको. कोहळे नको म्हणजे काकडी, दोडके, दुधी, कारले, कलिंगडही नको, कारण हा सगळा एकाच गोताचा आणि याच रोगाचा गोतावळा आहे. निदान दोन वर्षे तेथे मेथी, गवार, वांगी, मका असे काही लावावे. वेल संपला की त्याचे एकही कांडे जमिनीवर ठेवू नये. रोगट वेल खताच्या खड्ड्यात टाकू नये. पिशवीत बांधून घंटागाडीत द्यावा किंवा बागेपासून लांब खोल पुरावा. ज्या चाकूने तो कापला, तो पुसल्याशिवाय दुसऱ्या वेलाला लावू नये.

तिसरी कडी पाण्याची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. आपली जमीन काळी. ती पाणी धरते, लवकर सोडीत नाही. आपण वेलाभोवती आळे करतो, म्हणजे मधोमध खळगा आणि खळग्यात वेल. काळ्या जमिनीत हे आळे म्हणजे वेलाचे पाय पाण्यात बुडवून ठेवण्याची सोय! हे मला वरूडकडच्या माझ्या मावसभावाने दाखविले. त्याची संत्र्याची बाग आहे. संत्र्यालाही डिंक्या होतो. त्याची बुरशी निराळी, पण ओल्या बुडाची आवड तीच. म्हणून बागाईतदार दुहेरी आळे करतात. खोडाजवळ आतले एक वर्तुळ कोरडे ठेवावयाचे, त्याला मातीचा बांध, आणि पाणी द्यावयाचे ते बाहेरच्या वर्तुळात. मी तेच कोहळ्याला केले. वीतभर उंच, दोन हात रुंद असा मातीचा उंचवटा करावा. त्याच्या माथ्यावर बी टोचावे. उंचवट्याभोवती हातभर अंतरावर चर काढावा आणि पाणी त्या चरात सोडावे. मुळे पाण्याकडे आपोआप जातात. बूड मात्र कोरडे राहते. पाणी सकाळी द्यावे आणि पानांवर ओतू नये. सांडपाण्याला वाट करून द्यावी. ते वेलाच्या बुडाशी सोडू नये.

यालाच जोडून आणखी दोन गोष्टी. एका उंचवट्यावर जोमदार असे एकच रोप ठेवावे, आणि दोन उंचवट्यांत सहा-सात फूट तरी अंतर राखावे. आपल्याला रोप उपटण्याचे जिवावर येते, पण दाटी झाली की बुडाशी वारा खेळत नाही. आणि जमिनीवर वाळलेले कुटार पसरावे, म्हणजे पावसाचा थेंब मातीवर आपटून पानांवर उडत नाही. मात्र ते बुडाला चिकटवू नये. फळाखाली एखादी फरशी किंवा कौल सरकवावे, म्हणजे फळाचे बूड कुजत नाही.

आता औषधांविषयी थोडक्यात. ट्रायकोडर्मा नावाची एक उपकारक बुरशी पुडीत मिळते. ती मातीतल्या रोगट बुरश्यांना खाऊन टाकते. टोपलीभर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मूठभर मिसळून, ओलसर करून आठवडाभर सावलीत झाकून ठेवावी आणि बी टोचण्यापूर्वी उंचवट्यात घालावी. मुळाच्या आणि बुडाच्या कुजीला तिचा चांगला उपयोग होतो. पण पावसाच्या थेंबांबरोबर पानावर येणाऱ्या रोगाला ती पुरी पडत नाही, हेही लक्षात ठेवावे.

तेथे बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये बोर्डो शहराच्या परिसरात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून मळेवाले वेलांवर मोरचूद आणि चुना शिंपडीत. त्या वेलांना केवडा लागत नाही, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने हेरले आणि १८८५ साली ते औषध म्हणून पुढे आणले. नेहमीचे प्रमाण एक लिटर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना. पण कोहळ्याचे पान तांब्याला नाजूक, म्हणून मी दोन्ही पाच पाच ग्रॅमच घेते. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यात भिजवावे, आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतावे. लोखंडाचे भांडे वापरू नये. स्वच्छ लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी थोडा घालावा. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस वाट पाहावी. पान भाजले नाही तर उघडीप पाहून बाकीच्या वेलावर आणि बुडावर मारावे. त्याच दिवशी वापरावे, उरलेले ठेवू नये. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये. आणि ट्रायकोडर्मा घातलेल्या मातीत हे ओतू नये, नाहीतर आपलीच माणसे आपल्याच हाताने मारल्यासारखे होईल.

औषध रोग दिसण्याच्या सुमारास कामाचे. बूड मऊ पडून डिंक वाहू लागल्यावर ते नव्याने लागण होऊ देणार नाही, पण सडलेले खोड पुन्हा धड करणार नाही. तेव्हा वेळेवर पाहणे हेच खरे औषध. आठवड्यातून एकदा, पाने बाजूला सारून, प्रत्येक वेलाचे बूड पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.

आता सासूबाईंच्या बियांचे काय झाले, हे विचाराल. माझ्याकडचे सगळे बी मी २०२२ मध्येच टाकून दिले. मला वाटले, त्या घराण्याचे कोहळे माझ्या हातून संपले. २०२३ च्या दिवाळीत यवतमाळच्या वन्सं आल्या. मी रडत रडत सांगितले तर त्या हसू लागल्या. त्यांच्या लग्नात सासूबाईंनी त्यांच्या ओटीत तेच बी घातले होते, आणि त्या ते दरवर्षी लावीत आल्या होत्या! त्यांच्या परसात डिंक्या कधी आलेला नव्हता. आवळा देऊन कोहळा काढण्याची म्हण आपण ऐकतो. मला तर काहीच न देता कोहळा मिळाला. तरी मी लगेच लावले नाही. कोपऱ्याला दोन वर्षे विसावा दिला, मेथी आणि गवार घेतली, आणि २०२५ च्या मृगात नव्या उंचवट्यांवर तीन वेल लावले. ऑगस्टमध्ये तिघांपैकी एकाच्या बुडाशी पुन्हा तेलकट डाग दिसला. या वेळी मी पेरे पुरले नाहीत, हळहळले नाही; त्याच दिवशी उपटून पिशवीत बांधला, आणि शेजारच्या दोन्ही घरी जाऊन सांगून आले. बाकीचे दोन शेवटपर्यंत टिकले. पितृपक्षात त्यांचे कोहळे माझ्या घरी झाले, आणि त्या दोन न बोलणाऱ्या शेजारणींच्याही घरी गेले. त्या आता बोलतात. वेलापेक्षा मला त्याचा अधिक आनंद आहे.

मैत्रिणींनो, रोगाला कुंपण कळत नाही. माझ्या परसातला थेंब तुमच्या परसात उडतो. म्हणून वेल कुजला तर लाजून गप्प बसू नये, शेजारणीला सांगावे. सांगण्याने आपली पत जात नाही. न सांगण्याने मात्र शेजारणीचा वेल जातो. आणि बी जरूर वाटावे, यापुढेही वाटावे, पण पुडीवर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणत्या परसातले, कोणत्या सालचे, आणि वेल शेवटपर्यंत निरोगी होता की नाही.

मागच्या टेबलावर मी बारा पुड्या ठेवल्या आहेत. टिकलेल्या दोन वेलांच्याच त्या आहेत. पण त्यांच्याशेजारी तिसरा वेल आजारी पडला होता, हेही प्रत्येक पुडीवर लिहिले आहे. ते वाचून ज्यांना न्यावेसे वाटेल त्यांनी न्यावे; ज्यांना नको वाटेल त्यांचा मला राग नाही. पहिली पुडी मात्र मी आधीच दिली आहे. ती मुलगी आता मोठी झाली आहे. तिला मी खरे काय ते सांगितले, माफी मागितली, आणि वेलाचे बूड कसे पाहावे ते दाखविले. ती म्हणाली, "म्हणजे माझं पाणी जास्त झालं, आणि तुमचं बी आजारी होतं. दोघींची चूक." मी म्हटले, "हो, दोघींची."